जुनं सामान ऑनलाइन विकायचंय? जाहिरात अशी लिहा की माणूस बघायला येईल

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, तेव्हा मोठ्या घरातलं सामान भाड्याच्या दोन खोल्यांत मावणार नव्हतं. जुनं फर्निचर घेणाऱ्याने सागवानी कपाटाला जो भाव सांगितला, तो ऐकून सासूबाई काही न बोलता आत निघून गेल्या. मग ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि आसपासच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, असं सुरू झालं. एकीला जमतंय म्हटल्यावर इमारतीतल्या बाकीच्यांनीही आपापले फोन माझ्यापुढे केले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

घेणाऱ्याला सुरुवातीला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हे माझ्या घरात मावेल का (किंवा मला अंगाला होईल का), आणि यात काय बिघडलंय. या दोन्हींचं उत्तर जाहिरातीतच असेल तर येणारा माणूस ठरवून येतो. नसेल तर ‘इज धिस अव्हेलेबल?’ आणि ‘लास्ट प्राइस?’ यांच्या पलीकडे गाडी सरकत नाही.

आधी हाताशी घ्या

- मेजर टेप आणि शिंप्याची टेप, दोन्ही
- वजनकाटा (बॅग मोजायचा टांगता काटाही चालतो)
- फोनच्या कॅमेऱ्याची काच पुसायला मऊ फडकं
- वस्तूचं मूळ बिल, वॉरंटी कार्ड, रिमोट, किल्ल्या, जादा स्क्रू
- सोसायटीच्या गेट पासची पद्धत. काही ठिकाणी मोठं सामान बाहेर काढायला सेक्रेटरीची सही लागते. टेम्पो खाली उभा असताना हे कळणं फार त्रासाचं.

१. काय विकायचं नाही, ते बाजूला काढा

गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमच्या मालकीचे नसतात, ते कंपनीचे असतात. ते एजन्सीत परत करा आणि डिपॉझिट घ्या. त्यासाठी कनेक्शन घेताना मिळालेला एसव्हीचा (सबस्क्रिप्शन व्हाउचरचा) कागद शोधून ठेवा. शेगडी मात्र खुशाल विका.

इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी जाहिरातीत टाकू नका. बॅटरीच्या दुकानात नवीन घेताना जुनीचे पैसे वजा होतात, तोच रास्त व्यवहार. वापरलेली हेल्मेट, लहान मुलांच्या गाडीतल्या सीट, अर्धवट औषधं, अंतर्वस्त्रं हेही नको. कापसाची जुनी गादी कोणी विकत घेत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरून घेता येते. फोमच्या गाद्या मात्र पलंगासोबत जातात.

स्कूटर किंवा गाडी या लेखात धरलेली नाही. तिथे आरसी नावावर करण्याचं काम असतं आणि ते झाल्याशिवाय जबाबदारी तुमच्या डोक्यावरून उतरत नाही.

२. कुठली वस्तू कुठे टाकायची

जड सामान जितकं जवळ विकलं जाईल तितकं बरं, म्हणून आधी सोसायटीचा आणि शेजारच्या सोसायट्यांचा ग्रुप. तिथे भाव थोडा कमी मिळतो, पण टेम्पोचा खर्च नाही आणि माणूस ओळखीचा. तिथे नाही गेलं तर ओएलएक्स आणि मार्केटप्लेस, दोन्हीकडे एकदमच. कपड्यांचं वेगळं आहे. रोजचे कुर्ते, जीन्स एकेक टाकून हाती काही लागत नाही. चार-पाचांचा एका मापाचा गठ्ठा करा. लहान मुलांच्या कपड्यांना तर गठ्ठाच हवा. साड्या, घागरे, शेरवान्या मात्र एकेक, सविस्तर.

वेळही बघा. पुण्यात जून-जुलैमध्ये कॉलेजं भरतात तेव्हा सिंगल पलंग, टेबल-खुर्ची, इंडक्शन शेगडी हातोहात जाते. कूलर फेब्रुवारीअखेर टाका. मे महिना संपत आला की तो ठेवायला जागा शोधावी लागते. लग्नाचे कपडे तुळशीच्या लग्नाच्या थोडे आधी. पितृपंधरवड्यात बरेच जण घरात वस्तू आणत नाहीत, तेव्हा ‘दसऱ्यानंतर न्या’ म्हटलं तर गिऱ्हाईक टिकतं. थोडा विसार मात्र घेऊन ठेवा.

३. साफसफाई करा, दुरुस्ती जपून

धुणं, पुसणं, वास घालवणं एवढं करा. डांबराच्या गोळ्यांचा वास आलेली साडी घेणारी बाई घडी उघडायच्या आधीच ‘कळवते’ म्हणून निघते. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका. फ्रिज डीफ्रॉस्ट करून दाराच्या रबराच्या घडीतली काळी घाण टूथब्रशने काढा. घेणाऱ्याचं बोट तिथेच जातं.

थोड्या पैशांत वस्तू ‘चालू’ होणार असेल, तर ती दुरुस्ती करा: कुकरची रिंग, मिक्सरचा कपलर, कपाटाची बिजागरी, शर्टाचं तुटलेलं बटण. त्यापुढे नको. सोफ्याला नवं कापड घालून विकल्यावर तो खर्च वसूल होताना मी पाहिलेला नाही. कापड दुसऱ्याच्या पसंतीचं असायला हवं, तुमच्या नव्हे.

४. फोटो

सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. मागे साधी भिंत किंवा ताणून लावलेली चादर. पहिला फोटो पूर्ण वस्तूचा, कारण यादीत तेवढाच दिसतो. मग बाजूचा, आतला, कंपनीच्या लेबलचा, आणि दोषांचे. खरचटलेल्या जागी पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे खरचटा केवढा ते कळतं. यंत्र असेल तर चालू असताना: फ्रिजमधला दिवा लागलेला, वॉशिंग मशीनचा डिस्प्ले पेटलेला, टीव्हीवर चित्र.

स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांत तुमचं प्रतिबिंब येतं. ती जमिनीवर गडद कापडावर मांडून थोडं तिरकस उभं राहून काढा. कपाटाच्या आरशात तर अख्खी खोली येते, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मागे मुलांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, गाडीचा नंबर, देवघर दिसतंय का तेही बघा. बिलाचा फोटो टाकायचा असेल तर पत्ता आणि फोन नंबर झाकून.

कंपनीच्या वेबसाइटवरचा चकचकीत फोटो टाकणाऱ्याला लोक दलाल समजतात. बहुतेक वेळा बरोबरच समजतात.

५. माप: इथे वेळ घाला

*फर्निचर.* लांबी, रुंदी, उंची इंचांत किंवा फुटांत लिहा, कारण घेणाराही त्याच टेपने भिंत मोजणार आहे. पलंग असेल तर गादीचं माप वेगळं द्या: ७२ बाय ६० आणि ७८ बाय ७२ यांत मोठा फरक आहे, ‘डबल बेड’ म्हणून काहीच कळत नाही. पलंग खोलता येतो का, कपाटाचे दोन भाग होतात का, लिफ्टमध्ये मावतं का, तुमचा मजला कुठला. ‘चौथा मजला, लिफ्ट आहे, पण कपाट जिन्यानेच न्यावं लागेल’ असं लिहिलंत की गिऱ्हाईक दोन हमाल घेऊनच येतं आणि दारात वाद होत नाही.

लाकूड कुठलं तेही लिहा. सागवान, प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड यांचे भाव वेगळे आणि आयुष्यही. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतो. खालच्या कडा फुगल्या असतील तर त्यांचा फोटो टाकाच.

*यंत्रं.* फ्रिजची लिटर, वॉशिंग मशीनचे किलो, एसीचा टन आणि खरेदीचं वर्ष. फ्रिजवरच्या बीईईच्या (वीजबचतीच्या) स्टार लेबलवर कालावधीही छापलेला असतो, त्याचा फोटो द्या. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार आजच्या पाच स्टारांच्या बरोबरीचे नसतात, आणि जाणकार गिऱ्हाईक हे बोलून दाखवतंच. फ्रंट लोड मशीनसोबत ड्रम आवळून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट आले होते, ते सापडले तर तसं लिहा. त्यांच्याशिवाय मशीन टेम्पोत हिंदकळलं तर आतलं सस्पेन्शन बिघडतं. एसी काढायला मेकॅनिकच लागतो, कारण आधी गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो. तो खर्च कोणाचा, ते जाहिरातीतच ठरवा.

*कपडे.* लेबलवरच्या ‘एल’ आणि ‘एक्सएल’वर कोणाचा विश्वास नाही, कारण प्रत्येक ब्रँडचा एल वेगळा. कपडा सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा: १९ इंच आलं तर छाती ३८. मग खांद्यापासून खालपर्यंत उंची, बाहीची लांबी, पँटला कंबर आणि आतली शिवण. ब्लाउज असेल तर आत किती कापड दाबलेलं आहे ते सांगा. दोन्ही बाजूंना इंच-इंच मार्जिन असेल तर तो ब्लाउज कितीतरी जणींना होतो.

*साड्या.* इथे घेणाऱ्या फार चौकस असतात आणि ते योग्यच आहे. लांबी मोजून लिहा. सहावारी साधारण साडेपाच मीटर, ब्लाउजपीस धरून सव्वासहाच्या आसपास. नऊवारी सव्वाआठ मीटर. ब्लाउजपीस कापलाय की जोडलेलाच आहे, फॉल-बिडिंग झालंय का, किती वेळा नेसली, ड्रायक्लीन केली का. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवर विरते. उजेडासमोर धरून पाहा, विरलेली रेघ दिसली तर लिहा.

पैठणी असेल तर पदराच्या उलट बाजूचा फोटो हमखास टाका. हातमागावर विणलेल्या पारंपरिक पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे दोरे लोंबतात किंवा कापलेले असतात. हा एक फोटो ‘ओरिजिनल आहे का?’ या सगळ्या मेसेजांचं उत्तर आहे. सेमी पैठणी असेल तर सेमीच लिहा, तिलाही गिऱ्हाईक आहे. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खात्रीचं, लेबल जपून ठेवलं असेल तर तेही दाखवा.

आजेसासूबाईंच्या काळातला शालू किंवा नऊवारी असेल तर थांबा. तिची जरतार चांदीची असू शकते. ‘जुनी जर घेतो’ म्हणत दारावर येणाऱ्याला देण्याआधी विश्वासातल्या सराफाला दाखवा.

*भांडी.* तांब्याची, पितळेची भांडी आधी वजन करा आणि भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारून या. जाहिरातीतला भाव त्याच्या वर हवा, नाहीतर ऑनलाइनचा खटाटोप कशाला! घंगाळ, पाणी तापवायचा बंब, मोठे हंडे, जातं हे आता घर सजवायला घेतात, त्यामुळे घासून लख्ख करायची घाई नको. काही जणांना तो काळपटपणाच हवा असतो. एक फोटो आहे तसा, एक कोपरा घासून.

६. शीर्षक आणि मजकूर

शीर्षकात पाच गोष्टी बसवा: वस्तू, कंपनी, माप, स्थिती, भाग. ‘अर्जंट’, ‘बेस्ट कंडिशन’, ‘फक्त जेन्युइन बायर’ हे शब्द जागा खातात, सांगत काही नाहीत. शोधणारे वेगवेगळे शब्द टाकतात, म्हणून कपाट, अलमारी, वॉर्डरोब हे तिन्ही मजकुरात कुठेतरी येऊ द्या, आणि शीर्षक इंग्रजी अक्षरांतही लिहा. मराठी माणूससुद्धा शोधताना इंग्रजी कीबोर्डच वापरतो.

शेजारच्या काकूंच्या कपाटाची मूळ जाहिरात अशी होती: ‘गोदरेजचे कपाट विकणे आहे. उत्तम स्थितीत. भाव बोलून ठरवू.’ आम्ही ती अशी केली:

> गोदरेज स्टील कपाट, आरसा आणि लॉकरसह, साडेसहा फूट, थोडा गंज, कोथरूड
> उंची ७८ इंच, रुंदी ३६, खोली १९. चार फळ्या, एका बाजूला हँगरची जागा. दाराच्या आणि लॉकरच्या किल्ल्या प्रत्येकी दोन.
> दोष: डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्याला रंग उडून गंज (फोटो ४). मधली फळी थोडी वाकलेली, पण वजन धरते. आरशाला तडा नाही.
> विकण्याचं कारण: इमारत पुनर्विकासाला, घर रिकामं करायचंय.
> दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना रुंद आहे. हमाल आणि टेम्पो घेणाऱ्याचा. संध्याकाळी ६ नंतर किंवा रविवारी बघता येईल.

‘दोष’ शब्द पाहून काकू आधी बिथरल्या. ‘आपणच आपल्या वस्तूला नावं ठेवायची का गं?’ पण दोष आधी लिहिला की त्यावरून घासाघीस करता येत नाही, कारण भाव त्यासकटच सांगितलेला असतो. जो आला तो गंज बघून काही बोलला नाही, फळी दाबून पाहिली आणि थेट टेम्पोवाल्याला फोन लावला.

विकण्याचं कारण वगळू नका. ते नसलं की माणूस मनातल्या मनात स्वतःच कारण शोधतो आणि ते नेहमी वाईटच असतं.

७. भाव

नवीन वस्तूची आजची किंमत बघा, तुम्ही तेव्हा दिलेली नाही. मग आपल्याच शहरात तशीच वस्तू कितीला टाकली आहे ते बघा. महिनाभर पडून असलेल्या जाहिरातींचा भाव हा भाव नव्हे, ती इच्छा. चालू, स्वच्छ यंत्राला आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळालं तर मी दिलेलं आहे. सागवानाला याहून जास्त धरा, कपड्यांना बरंच कमी. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

शोधताना लोक ‘५,००० पर्यंत’ अशी चाळणी लावतात. ५,२०० लिहिलंत तर तुम्ही त्यांना दिसतच नाही. दहा-पंधरा टक्के घासाघिशीसाठी ठेवा आणि आपला तळ आधीच ठरवून घरात सगळ्यांना सांगा. नाहीतर तुम्ही सात हजारांवर अडून बसलेले असता आणि आतून सासरे म्हणतात, ‘देऊन टाक गं सहाला!’ ‘भाव बोलून ठरवू’ तर कधीच लिहू नका.

८. मेसेज आणि भेट

‘इज धिस अव्हेलेबल?’ हा मार्केटप्लेसचा तयार मेसेज आहे, एका टिचकीने जातो. त्याला नुसतं ‘हो’ म्हणू नका. ‘हो, आहे. कधी बघायला याल? संध्याकाळी ६ नंतर घरी असतो’ असं उत्तर द्या. खरा गिऱ्हाईक वेळ सांगतो. ‘फायनल किती?’ याला एकच उत्तर: बघून घ्या, मग समोर बोलू. वस्तू न पाहता फोनवर कमी केलेला भाव घरी आल्यावर पुन्हा कमी होतो.

पूर्ण पत्ता वेळ नक्की झाल्यावरच द्या, तोवर चौकाचं किंवा जवळच्या खुणेचं नाव पुरे. एकट्याने घरात कोणाला घेऊ नका. छोटी वस्तू सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या समोर द्या. मुंबई-ठाण्यात साडीचं पार्सल स्टेशनवर देण्याची पद्धत चांगली रुळली आहे. आधी येणाऱ्याला आधी, हा नियम सगळ्यांना सांगा. ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणणाऱ्याने टोकन दिलं तरच ठेवा.

९. पैसे घेताना

हा भाग घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा.

यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की तुमचे पैसे जातात, येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवण्याची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची, सोय बंद झाली आहे. पण क्यूआर पाठवून ‘हा स्कॅन करा, पैसे जमा होतील’ सांगणारे अजून आहेत.

त्यांची ओळख सोपी आहे. वस्तू बघायची नसते, भाव करायचा नसतो, सांगाल त्याला लगेच तयार. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे आत्ता पाठवतो.’ विश्वास बसावा म्हणून गणवेशातला फोटो किंवा ओळखपत्रही येतं. पुढचे प्रकार असे: पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट, बँकेसारखा दिसणारा पण साध्या मोबाइल नंबरवरून आलेला मेसेज, ‘चुकून पाचऐवजी पन्नास हजार गेले, बाकीचे परत करा’, ‘कुरिअरचं अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हणून आलेली फाईल. ती फाईल उघडू नका.

पैसे आले की नाही, हे आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहूनच ठरवा, मेसेज पाहून नव्हे. खात्यात दिसल्याशिवाय वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, टेम्पोवाला कितीही घाई करो. तरीही कोणी फसलं तर लाजून बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

१०. वस्तू देताना आणि दिल्यावर

स्मार्ट टीव्हीतली सगळी खाती लॉग आउट करून फॅक्टरी रीसेट करा. फोनमधून आधी गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं काढा, मग रीसेट. नाहीतर घेणाऱ्याला तो उघडतच नाही आणि रात्री तुम्हाला फोन येतो. फोन, लॅपटॉप देताना साध्या कागदावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. फोनचा आयएमईआय *#०६# डायल केला की दिसतो. कपाटाचे कप्पे, पर्सचे चोरकप्पे, कोटाचे खिसे एकदा चाचपा. आमच्या इमारतीत एका लॉकरमधून ठेवीची पावती निघाली होती, तीही टेम्पोत चढवताना.

घेणाऱ्याला सांगा की फ्रिज उभाच न्यायचा आणि घरी नेल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. त्याने पहिल्याच दिवशी बटण दाबून बिघडवला तर नाव तुमचं निघतं.

मग जाहिरातीवर ‘सोल्ड’ची खूण करा, ग्रुपवर ‘गेलं’ लिहा. महिनाभरात न विकलेल्या वस्तूची जाहिरात काढून, नवा पहिला फोटो आणि थोडा कमी भाव घालून पुन्हा टाका. जुनीच वर ढकलत बसलात तर लोक ती ओळखायला लागतात. त्यानंतरही राहिलेल्या साड्या आणि कपडे बोहारणीला द्या. एका डब्यावर की दोन पातेल्यांवर, ते तुमचं तुम्ही बघा. बाकी कापडचोपड आणि किरकोळ सामान पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था गोळा करते, आणि वापरण्याजोगे कपडे ‘गूंज’ या संस्थेच्या केंद्रावर धुऊन, घडी करून नेऊन देता येतात.